धंद्याचा मोसम ओळखा

उर्दू शाळेत आम्ही ‘मौसम’ हा शब्द शिकलो तो हवामानासाठी. मराठीत तोच ‘मोसम’ होऊन धंद्याचा हंगाम सांगतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ठरलेली वेळ असा आहे आणि ‘मान्सून’ हे नावही त्यातूनच निघाले. मक्केच्या कुरैश व्यापाऱ्यांचे काफिले हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे जात. कुरआनातही या दोन सफरींचा उल्लेख आहे. हवा बदलली म्हणून ते हातावर हात ठेवून बसले नाहीत, त्यांनी रस्ता बदलला. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

प्रथम मागावरचे सूत पाहा. सुती धागा ओलसर हवेत मजबूत राहतो, कोरड्या हवेत तुटतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत यंत्रमागाच्या कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात. पावसाळ्यात मात्र उलटे होते. कांजी लावलेल्या सुताला बुरशी धरते, कापडावर डाग पडतात, आणि तागे भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावे लागतात. धागा एकच, पण एका ऋतूत त्याला पाणी द्यायचे आणि दुसऱ्या ऋतूत पाण्यापासून वाचवायचे. कारागिराचेही तसेच आहे. कामाच्या गर्दीत त्याला गोड शब्द आणि वेळेवर मजुरी हवी. मंदीत त्याला नवे काम शिकवायला हवे.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंची फेरी पुरी करते. २०१६ साली आपल्याकडे ईद-उल-फित्र ७ जुलैला, भर पावसात होती. २०१७ ते २०१९ ही तीन वर्षे ती जूनमध्ये आली. म्हणजे शाळेचा गणवेश आणि ईदचे कपडे एकाच पाकिटातून घ्यायचे होते. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद. एकाच आठवड्यात दोन्ही गिऱ्हाइके दुकानात. २०३० साली रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे पुढची काही वर्षे ईद थंडीच्या दिवसांत येणार. गेल्या ईदचा माल पाहून या ईदची खरेदी करणारा फसतो तो इथेच. पातळ सुती कापड किती आणि जाड किती, याचा विचार आतापासून हवा.

गिऱ्हाइकाचे पंचांगही माहीत असले पाहिजे. चातुर्मासात लग्ने थांबतात, पितृपक्षात नवीन कपडा कोणी घेत नाही. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येतो, त्यातही लग्नाचे मुहूर्त नसतात. २०२३ साली तो श्रावणात होता. २०२६ सालचा मात्र अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन लग्नसराईत. पण याच महिन्यात जावयाला धोंड्याचे वाण देतात, लेकीला साडी आणि जावयाला कपडे होतात. शालूचे गिऱ्हाईक कमी झाले तरी शर्ट-पँट पीसचे गिऱ्हाईक येते. ज्याला हे ठाऊक त्याचे दुकान रिकामे राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, पैशाचे. मोसमातला गल्ला म्हणजे नफा नव्हे. त्यात सुतवाल्याचे देणे आहे, मजुरी आहे, विजेचे बिल आहे आणि पुढच्या मंदीची भाकरीही आहे. हातात रोख नसलेला मागवाला आषाढात दलाल सांगेल त्या भावाला कोरे कापड देऊन टाकतो. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला मागवाला ‘दिवाळीला बघू’ असे म्हणू शकतो. दोघांचे कापड सारखेच, फरक फक्त शिलकीचा. मजुराचेही हेच. मंदीत उचल घेतली की तो एका मालकाशी बांधला जातो. मोसमात दर आठवड्याला थोडे जरी बाजूला पडले, तरी पुढे मजुरीची बोलणी तो ताठ मानेने करतो. उधारीही मोसमातच मागावी. गिऱ्हाइकाचा हात कोरडा झाल्यावर मागितले तर पैसाही जातो आणि संबंधही.

मंदीचे दिवस वाया जाऊ देऊ नयेत. माग खोलून दुरुस्त करावेत, पडून असलेला माल काढून टाकावा, मुलांकडून संगणकावरचा हिशोब शिकून घ्यावा. जरीकाम करणाऱ्या भावा-बहिणींनी याच दिवसांत डोळे तपासून घ्यावेत. शेतकरी जूनमध्ये कापूस लावतो आणि ऑक्टोबरपासून वेचतो, तेही एकदम नाही. जसजशी बोंडे फुटतील तसतशी वेचणी होते. आपल्या मेहनतीचे फळही असेच हप्त्याहप्त्याने येते. सब्र म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे, वेळेची वाट पाहत तयारी करणे होय.

वाचक बंधूंना एकच सूचना. एक वही घाला. दर आठवड्याला काय विकले, काय उरले, हवा कशी होती, कोणता सण होता, एवढेच लिहा. तीन वर्षांनी ती वही तुमचे स्वतःचे पंचांग होईल. दुकानात हिजरी कॅलेंडर आणि मराठी कालनिर्णय शेजारी शेजारी टांगा, आणि मधल्या खिळ्याला ही वही.