रानात जाण्याआधी लेकरांचा डबा

गेल्या उन्हाळ्यात कलिंगडाच्या एका प्लॉटवर गेलो होतो. दुपारची वेळ. बांधावरच्या लिंबाखाली टेम्पो भरणे चालू होते. घरधनी, घरधनीण, दोन गडी, सारे मालाच्या मागे. त्यांचे चार वर्षांचे लेकरू मात्र कलिंगडाच्या ढिगाला पाठ टेकून पाच रुपयांची तिखट पुडी खात होते. बोटे लालभडक. मी म्हणालो, "वहिनी, त्याला एक फळ कापून द्या की." त्या म्हणाल्या, "साहेब, माल वजनावर जातो. आणि ते खातंय कुठं? पुडीच मागतंय."

वहिनींचे काही खोटे नाही. सुगी असो की उन्हाळी पीक, आई उजाडताच रानात जाते. सुट्टीत मुले घरी, सोबत म्हातारी आजी. भूक लागली की नाणे हातावर ठेवायचे, एवढेच आजीला जमते. पुडीत पीठ, तेल आणि भरपूर मीठ. पोट भरल्यासारखे वाटते, तहान वाढते आणि जेवायला बसले की लेकरू ताटावरून उठते. रंगीत गारेगार म्हणजे साखर आणि रंग. पाणी कुठले, ते विकणाऱ्यालाच ठाऊक!

लहान मुलाचे पोट लहान असते. दोन वेळच्या भाकरीवर त्याचे भागत नाही, मधे दोनदा थोडेथोडे लागतेच. ते काही लाड नव्हेत. म्हणून भगिनींनो, रानात निघण्याआधी एक डबा भरून मुलांचा हात पोचेल अशा जागी ठेवा. त्यात काय घालायचे, ते बहुधा आपल्या कणगीतच असते.

माझी आई सातूचे पीठ करायची. दोन वाट्या गहू ओलसर करून सुकवायचे, खरपूस भाजायचे, एक वाटी डाळे आणि चिमूटभर सुंठ घालून दळून आणायचे. हे पीठ बरेच दिवस टिकते. गूळपाण्यात किंवा दुधात कालवले की झाले. चूल पेटवायला नको. आजीलाही जमते, आठ वर्षांच्या थोरल्या मुलीलाही जमते. आता हे पीठ गावात कुणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरी आंबील. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ रात्री ताकात भिजवा, सकाळी पाण्यात शिजवून निववा, वरून ताक, मीठ, जिरे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त चुना, म्हणजे कॅल्शियम असते. शेंगदाणा-गुळाचा लाडू, ज्वारीच्या लाह्या, उकडलेले अंडे, काकडी हेही आहेच. कैरीचे पन्हे जरूर करा, साखर बेताची.

एक मात्र सांभाळा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. खेळता खेळता दाणा श्वासनळीत अडकतो आणि तालुक्याला पोचेपर्यंत वेळ उरत नाही. कूट करून द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर कडक उन्हाळ्यातही फक्त अंगावरचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको.

पिण्याचे पाणी उकळून माठात भरा आणि दांड्याच्या ओगराळ्याने काढा. कापलेले कलिंगड उघडे ठेवू नका. जुलाब लागलेच तर आशाताईंकडून क्षारांची पुडी आणून एक लिटर पाण्यात सगळी विरघळवा आणि घोटघोट पाजा. डोळे खोल गेले, मूल सुस्तावले, लघवी कमी झाली, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

माझ्या खात्याचीही एक गोष्ट सांगतो. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही, ते औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते. व्यापाऱ्यासाठी ते पाळता तसे मुलांसाठीही पाळा. ती तर वेलीवरचेच तोडून खातात. औषधाची रिकामी बाटली धुऊनही पाण्याला वापरू नका.

वहिनींच्या घरधन्याला मी एवढेच सुचवले, की पुढच्या लागणीत घराजवळचे दहा वेल मुलांच्या नावाने सोडा आणि नहाणीच्या पाण्यावर एक पपई लावा. पपई त्यांनी लावली आहे. वेलांचे या जानेवारीत बघू म्हणाले.