पिचर ओळखताना होणारी गफलत

नांदेड-लातूरकडच्या एखाद्या शाळेत चौदा वर्षांचं पोरगं सीमारेषेवरून थेट यष्ट्यांवर चेंडू मारतं, तेव्हा त्याचा निकाल दोन मिनिटांत लागतो: याला क्रिकेटच्या नेटवर पाठवा. बेसबॉलची आठवण होते ती तिथे नाव न निघालेल्यांसाठी. वास्तविक शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत आणि विद्यापीठ पातळीवरही हे खेळ खेळले जातात. पण पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, हेरायचा कसा, याबद्दल मैदानावर चालणाऱ्या समजुती बहुतेक क्रिकेटमधून आलेल्या असतात, नाहीतर एका सिनेमातून.

तो सिनेमा म्हणजे २०१४ चा ‘मिलियन डॉलर आर्म’. तो पाहिलेल्या अनेकांना वाटतं, की भारतातली दोन खेडवळ पोरं अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत खेळली. तसं झालं नाही. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने नोव्हेंबर २००८ मध्ये करारबद्ध केलं, हे खरं. करार त्याखालच्या मायनर लीगचा होता. दिनेशला २०१० मध्ये मोकळं करण्यात आलं. रिंकू मायनर लीगच्या सिंगल-ए पातळीपर्यंत गेला, पुढे दुखापतींनी आणि कोपराच्या शस्त्रक्रियेने त्याची वाट अडवली आणि २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीकडे वळला. कधीही बेसबॉल न खेळलेल्या मुलाने सिंगल-एपर्यंत जाणं हीच मोठी मजल होती. सिनेमाने तिला मेजर लीगची झालर लावायची गरज नव्हती, आणि सिनेमाने ती लावलीही नाही. ती लावली प्रेक्षकांनी.

या गोष्टीतला खरा धडा वेगळाच आहे. हजारो मुलांच्या त्या चाचणीत क्रिकेट खेळणारे भरपूर होते. निवडले गेलेले दोघे मात्र भालाफेकपटू निघाले.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वेगवान गोलंदाज धावत येतो आणि हात जवळपास सरळ ठेवून चेंडू सोडतो. कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर क्रिकेटच्या नियमांत ती फेक ठरते. पिचरचं सगळं भांडवल नेमकं त्या फेकीत असतं. त्याला धावायला जागा नाही. माउंड नावाच्या उंचवट्यावरच्या रबराच्या पट्टीला पाय लावून, एक लांब पाऊल टाकून, कंबर आधी आणि खांदा नंतर वळवत, दुमडलेलं कोपर चाबकासारखं सोडायचं. गोलंदाजाला वर्षानुवर्षं जे करू नको म्हणून बजावलं, तेच इथे करायचं असतं. भालाफेकीत पुढचा पाय घट्ट रोवून धडाचा जोर हातात उतरवण्याची सवय आधीच लागलेली असते. लॉस एंजेलिस डॉजर्सने ज्याच्याशी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बारा वर्षांचा, ३२.५ कोटी डॉलरचा करार केला, तो जपानी पिचर योशिनोबू यामामोटो सरावात भाल्यासारखी साधनं फेकतो म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हा लातूरच्या क्रीडा संकुलात पिचर शोधायचा असेल, तर मी आधी भाल्याच्या सेक्टरजवळ उभा राहीन, नेटजवळ नंतर जाईन. क्षेत्ररक्षणात लांबून फेकणारा पोरगा दिसला तर तोही चालेल. गोलंदाजीचे आकडे बघायची गरज नाही.

हाच यामामोटो आणखी एक समज खोडतो. पिचर सहा फुटांच्या वर हवाच, असं आपल्याकडे ठामपणे सांगितलं जातं आणि मराठवाड्यातली बरीच मुलं तिथेच बाद होतात. यामामोटोची उंची पाच फूट दहा इंच आहे. पेद्रो मार्टिनेझ किरकोळ अंगाचा आहे म्हणून त्याच डॉजर्सनी त्याला १९९३ मध्ये दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. पुढे त्याने सर्वोत्तम पिचरचे तीन साय यंग पुरस्कार जिंकले आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. उंचीचा फायदा असतोच, पण चौदाव्या वर्षी मोजलेली उंची ही काही शेवटची उंची नव्हे.

आता वेगाबद्दल. रडार गनवरचा आकडा म्हणजे पिचर, हा समज सगळ्यात चिवट. मुळात तो आकडाही जपून वाचावा लागतो. गन चेंडूच्या रेषेत न धरता बाजूने तिरकी धरली, तर वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हजचा ‘फट्’ आवाज तर पिचरपेक्षा कॅचरच्या हाताबद्दल जास्त सांगतो. चाचणीला कोणता चेंडू होता, हेही विचारावं. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, आणि सॉफ्टबॉल त्याहूनही जड, शिवाय हातात न मावणारा.

खेळाडू हेरणारे जाणकार स्काउट अमेरिकेत वीस ते ऐंशीच्या पट्टीवर गुण देतात. त्यात फास्टबॉल ही एक बाब असते. कर्व्हबॉल (वळणारा चेंडू), चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) आणि नियंत्रण यांचे गुण वेगळे. मुलगा कोवळा असेल तर आजच्या गुणांशेजारी पुढे तो कुठवर जाईल याचा अंदाजही लिहिला जातो. म्हणून पहिला डाव पाहून उठू नये. चौथ्या-पाचव्या डावात पुढचा पाय त्याच जागी पडतो का, कोपर खाली घसरायला लागतं का, दोन फलंदाज स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेरच्या चार चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर गेल्यावर पोरगा घाईला येतो की श्वास घेतो, हे पाहावं. डावखुरा असेल तर थोडा वेळ जास्त थांबावं, कारण डावखुऱ्यांना मागणी कायम असते. रिंकूही डावखुराच.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र हाताच्या बाबतीत आहे. ‘कर्व्हबॉल टाकू नको, कोपर जाईल,’ असं सर बजावतात आणि त्याच पोराकडून दिवसाला दोन सामने टाकून घेतात. डॉ. ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचर मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वर्षात शंभराहून जास्त डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. कर्व्हबॉल लवकर सुरू केल्याने धोका वाढतो, असं त्यांना ठामपणे दाखवता आलं नाही. २००६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची धडधाकट पिचरांशी तुलना केली, तेव्हा हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट दिसली. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं वाढीचं हाड पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे दुखणं आधी तिथे उमटतं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाने मर्यादा आखून दिल्या. १३ ते १६ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच. १३-१४ वर्षांच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकल्या, तर पुढे चार दिवस विश्रांती. वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद. आपल्या बाद पद्धतीच्या शालेय स्पर्धांत हे पाळायचं तर संघात एकाच्या जागी तीन पिचर तयार करावे लागतात, आणि ते कष्टाचं काम आहे. टॉमी जॉन शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा जोरदार होतो, ही अमेरिकेतून आलेली अफवा आता इथल्या मोबाइलवरही फिरते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केलेली ती शस्त्रक्रिया तुटलेला अस्थिबंध दुरुस्त करते. नंतर कुणाचा वेग वाढलाच, तर तो वर्षभराच्या व्यायामाचा असतो.

मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरतो म्हणून खांदा सुरक्षित, हेही अर्धसत्य. तसा हात फिरवताना खांद्यावर येणारी ओढ वरून टाकणाऱ्या पिचरच्या जवळपास पोचते. मुलींच्याही पिच मोजाव्यात.

राहिला वयाचा प्रश्न. परदेशी मुलाला मेजर लीगचे संघ सोळाव्या वर्षापासून करारबद्ध करू शकतात. लातूर-नांदेडमध्ये नेमकं त्याच वयात मूल दहावी ओलांडून नीटच्या क्लासला बसतं आणि मैदान सुटतं. पण सोळा ही सुरुवातीची अट आहे, शेवटची नव्हे. रिंकू आणि दिनेश करारावेळी वीसच्या आसपास होते. त्यामुळे बारावीपर्यंत आठवड्यातून दोनदा हलकी फेक चालू ठेवलेला मुलगा विद्यापीठाच्या संघात आला, तर त्याला उशीर झाला म्हणून हाकलू नये. तीन-चार महिने टाकलंच नसेल तर उलट बरं, फक्त पहिल्याच दिवशी जोर काढायला लावू नये.

आणि पालकांसाठी एक. संघाचा स्काउट पगार संघाकडून घेतो. ‘निवडीची फी’ मागणारा स्काउट नसतो, त्याला पैसे देऊ नयेत. शाळेने द्यायच्या गोष्टी स्वस्त आहेत: जन्मदाखल्याची प्रत, बाजूने आणि मागून काढलेला मोबाइलचा व्हिडिओ, आणि कोणत्या तारखेला किती पिच टाकल्या याची वही.