मोकळ्या माळाची राखण

पहाटे ५.३०
उन्हाळ्यात पहिली तुकडी भल्या पहाटे स्टोनहेंजच्या वर्तुळात शिरते. गाईड म्हणून मी आधी बजावते : दगडांना हात लावू नका, त्यांच्यावरचं दगडफूल जपायचं आहे. साडेचार हजार वर्षांच्या या शिळांपुढे माणसं आपसूक हळू बोलतात.

सकाळी ९.३०
सर्वांसाठी दार उघडतं. पर्यटक केंद्राजवळच्या दगडी क्रूसापाशी मी थांबते. ५ जुलै १९१२ रोजी कॅप्टन लोरेन आणि स्टाफ सार्जंट विल्सन यांचं विमान या भागात कोसळलं. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल फ्लाइंग कोअरचे विमान अपघातातले हे पहिले बळी.

११.००
केंद्रापासून दगडांपर्यंत बस न धरता चालणाऱ्यांना मी दगडांच्या पश्चिमेचं गवत दाखवते. १९१७ साली इथे विमानतळ उभा राहिला. रात्री बॉम्ब टाकायला जाणारे वैमानिक इथे दिशा ओळखायला शिकत. हँडली पेज विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत शंभर फूट. हँगरमध्ये घेताना ते मागे दुमडावे लागत. तिथे आज मेंढ्या चरतात.

दुपारी १.००
डबा. पोळी-भाजी, दोन घोट चहा.

२.३०
पुण्याचे एक आजोबा विचारतात, "पोरी, हा माळ पहिल्यापासून असाच मोकळा?"
"नाही आजोबा, तो मोकळा केलाय."
पहिल्या महायुद्धानंतर विमानतळाच्या इमारतींत डुकरं पाळली गेली. १९२७ मध्ये लोकांना वर्गणीचं आवाहन झालं, आसपासची जमीन विकत घेऊन नॅशनल ट्रस्टकडे सोपवली गेली आणि विमानतळाचं बांधकाम पाडलं. आजोबा बराच वेळ गवताकडे पाहत राहतात.

४.३०
दगडांकडे येणाऱ्या प्राचीन वाटेवर, 'अॅव्हेन्यू'वर, दिवसाचा शेवटचा गट. तिची जमिनीत हरवलेली पुढची दिशा पुरातत्त्वज्ञ क्रॉफर्ड यांना १९२३ मध्ये हवाई दलाच्या फोटोंत सापडली. महायुद्धात ते स्वतः विमानातून टेहळणी करत. दोन वर्षांनी वैमानिक इन्सॉल यांना आकाशातून जवळचंच वुडहेंज, लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ, दिसलं. युद्धासाठी घडलेल्या नजरेनंच या माळाचं प्राचीन रूप वाचलं.

संध्याकाळी ७.००
माळ रिकामा होतो. लोकांनी पै-पै देऊन हा मोकळेपणा राखला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण इथे शिकून अंधारात उडालेल्या पोरांची खूण मात्र गवताखाली गेली. म्हणून उद्याही अकरा वाजता मी तिथे थांबणार.