वय मोजतात ते घराचे

एसटीत पासष्टीनंतर अर्धे तिकीट, पंचाहत्तरीनंतर 2022 पासून प्रवास मोफत. मग साठी ओलांडल्यावर घरपट्टीही माफ होत असणार, असा समज गावोगाव आहे. वालचंदनगरला खेटून असलेल्या, इंदापूर तालुक्यातल्या कळंबसारख्या गावात तो खरा नाही. ग्रामपंचायतीच्या कर नियमांत ज्येष्ठांसाठी वेगळी सूट नाही.

गोंधळ होतो तो शहरांतल्या बातम्यांमुळे. दिल्लीत ज्येष्ठांना ठरावीक क्षेत्रफळापर्यंत 30 टक्के सवलत मिळते. पिंपरी-चिंचवड दिव्यांगांना सामान्य करात 50 टक्के सूट देते. पुण्यातली 40 टक्के सवलत मात्र मालक स्वतः त्या घरात राहतो म्हणून असते. हे सारे त्या त्या महापालिकेच्या हद्दीपुरते.

गावात दिव्यांगांसाठी काहीच नाही, हाही गैरसमजच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांग कल्याणावर खर्चायचे असतात. हा त्यांच्या हक्काचा पैसा आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा आणि ग्रामसभेत या खर्चाचा हिशेब खुशाल मागावा.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना तर 2020 च्या बाळासाहेब ठाकरे सन्मान योजनेखाली घरपट्टीच माफ आहे. पाणीपट्टी त्यात येत नाही.

उसाच्या रानात बांधलेल्या वस्तीला घरपट्टी नाही, असेही ऐकू येते. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातले कलम 124 शेतसारा भरणाऱ्या जमिनीला वगळते, तिच्यावरच्या घराला नाही.

म्हाताऱ्या माणसांचा खरा फायदा नमुना 8 च्या, म्हणजे घराच्या कर आकारणी नोंदीच्या, उताऱ्यात आहे. कर नियमांच्या 2015 च्या दुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. क्षेत्रफळ, वापर, बांधकाम मातीचे की आरसीसी, आणि ते किती वर्षांचे, यावर आकडा ठरतो. घर जितके जुने तितका घसारा जास्त. चाळीस वर्षांचे धाब्याचे घर नोंदीत नवे किंवा पक्के लागले असेल, तर वर्षानुवर्षे जादा पैसे जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून उतारा काढून लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष हे रकाने घरातल्या तरुणाने आजी-आजोबांना वाचून दाखवावेत.

30 सप्टेंबरपूर्वी भरणा केला की 5 टक्के सूट सर्वांनाच मिळते. 31 मार्च उलटला की 5 टक्के दंड. आकारणी चुकली असेल तर आधी ग्रामपंचायतीकडे लेखी हरकत घ्यावी, तिथे दाद लागली नाही तर मुदतीत पंचायत समितीकडे अपील करता येते.