जुनी गिअरपेटी, नवी गाडी

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य आणि अध्यात्म यांना मान असतो. लोखंडाच्या पेटीतल्या दातेरी चाकांवर कोणी सहसा बोलत नाही. तथापि गिरगावकरांना या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. ऑपेरा हाऊसच्या आसपासची मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आणि त्यांच्या आधाराने जगणारी गॅरेजे ही आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. तेथे तेलाने माखलेल्या हातांनी जे काम चालते, त्यामागे केवढे शास्त्र आहे हे एका उदाहरणावरून सांगावे, एवढाच माझा हेतू आहे. मी स्वतः जे शिकलो ते कॉलेजात नव्हे, कामगारांच्या सोबतीने आणि रात्री पुस्तके वाचून. म्हणून भाषा साधी असेल.

उदाहरण शर्यतीच्या गाडीचे आहे. ‘ड्रॅग’ नावाची एक शर्यत असते. दोन गाड्या सरळ रस्त्यावर उभ्या करतात, दिव्याची खूण होताच त्या सुटतात आणि ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, आधी जो पार करील तो जिंकतो. वळण नाही, चढ नाही; सारा खेळ दहा-बारा सेकंदांचा. अमेरिकेत या शर्यतींना शिस्त लावणारी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. या खेळातले काही हौशी लोक संगणकाने चालणारे अगदी नवे इंजिन घेतात आणि त्यामागे साठ वर्षांपूर्वीच्या रचनेची, हाताने बदलायची चार गिअरांची पेटी बसवतात. असे का करावे, आणि करायचे तर काय काय करावे लागते?

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. जड हातगाडी जागची हलवताना हमाल चाकाला पहार लावतो. पहारेचे एक टोक पुष्कळ फिरते तेव्हा दुसरे थोडे हलते, पण जोर वाढतो. पहिला गिअर ही तशीच पहार आहे. इंजिनाने पुष्कळ फिरायचे, चाकाने थोडे. वेग कमी, ओढ जास्त. गाडीने गती घेतली की ओढ कमी लागते आणि वेग हवा असतो, म्हणून वरचा गिअर. आपल्या पद्मिनी टॅक्सीला असे चार गिअर होते आणि त्यांचा दांडा स्टिअरिंगजवळ होता. वरच्या तीन गिअरांत दाते जुळवून घेणारी पितळी कडी होती, पहिल्यात नव्हती. म्हणून केम्प्स कॉर्नरच्या चढावर पहिला गिअर टाकण्यासाठी चालक गाडी जवळजवळ थांबवीत असे. २०२३ साली शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तो ‘खर्र’ आवाज पुष्कळांच्या कानांत असेल.

आता थोडे गणित. क्रायस्लर कंपनीने १९६४ सालच्या गाड्यांसाठी ए-८३३ नावाची चार गिअरांची पेटी काढली. तिची प्रमाणे साधारण २.६५, १.९३, १.३९ आणि १ अशी होती. मागच्या आसाचे प्रमाण ४.१० धरले, तर पहिल्या गिअरात इंजिनाचा पीळ चाकापाशी जवळजवळ अकरा पट होतो. इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांवर असताना गिअर बदलला, तर दुसऱ्यात ते सुमारे ५१०० वर उतरते, तिसऱ्यात सुमारे ५०४० वर आणि चौथ्यातही तेवढ्यावरच. म्हणजे तिन्ही पायऱ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या. इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यातून खाली पडतच नाही. चौथ्या गिअरात तर पेटीचे पुढचे आणि मागचे दांडे थेट एकमेकांत अडकतात आणि जोर दात्यांतून न जाता सरळ पुढे जातो. हल्लीच्या सहा गिअरांच्या पेटीत वरचे दोन गिअर महामार्गावर पेट्रोल वाचवण्यासाठी असतात. ४०२ मीटरांत त्यांचा उपयोग होत नाही. ते नुसते ओझे.

दुसरे कारण साधेपणाचे. फोर्डच्या त्या काळच्या पेटीचे झाकण वर असे. त्याचे बोल्ट काढले की सारे आतडे डोळ्यांसमोर. बीड जाड, दाते रुंद. शर्यतीसाठी मिस्त्री आतल्या पितळी कड्या काढून टाकतात आणि अडकवणाऱ्या दात्यांपैकी एक सोडून एक घासून काढतात. मग दांडा क्षणात बसतो. अशी पेटी रस्त्यावर कर्कश वाटेल, पण तिचे काम रस्त्यावर नाहीच. मात्र खरे ते सांगितले पाहिजे. आजची स्वयंचलित पेटी माणसाच्या हातापेक्षा बहुधा लवकर आणि प्रत्येक वेळी सारखी बदलते. केवळ घड्याळाशी स्पर्धा असेल तर तीच घ्यावी. जुनी पेटी घेणारा स्वतःच्या हातापायाचे कसब पणाला लावतो आणि बिघडलेली वस्तू स्वतः उघडू शकतो, हा त्याचा लाभ.

आता मुख्य मुद्दा. पेटी बदलणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळणे नव्हे. इंजिन आणि पेटी यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे बेल हौसिंग असते. जुन्या पेटीचे भोक आणि नव्या इंजिनाचा मध्य एका रेषेत हवा. इंचाचे हजार भाग केले तर चूक पाच भागांपलीकडे जाऊ नये. हे डोळ्याने दिसत नाही, डायल गेज लावून मोजावे लागते. मध्य चुकला तर क्लच नीट सुटत नाही आणि बेअरिंग खाऊन जाते. क्लचच्या चकतीच्या खाचा पेटीच्या दांड्याशी जुळाव्या लागतात. मूळ गाडी स्वयंचलित असेल तर तिसरे पेडल बसवण्यापासून तयारी करावी लागते. पेटीखालचा आडवा आधार नवा करावा लागतो, मागे जाणारा फिरता दांडा नव्या लांबीचा बनवावा लागतो, त्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळवावे लागतात. इंजिनाचा संगणक जुन्या पेटीकडून खुणेची वाट पाहत बसतो, त्यालाही नवी शिकवण द्यावी लागते. तेलसुद्धा पाहून घालावे, कारण काही नव्या गिअर तेलांतील गंधकाची द्रव्ये जुन्या पितळी कड्या खातात. आणि क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही असा स्विच विसरता कामा नये. नाहीतर गिअरात राहिलेली गाडी चावी फिरवताच समोरच्या फिटरच्या अंगावर उडी घेते.

यात चूक झाली तर काय होते, याची साक्ष इतिहासात आहे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्स या नामांकित शर्यतवीराच्या गाडीतली पेटी सुरुवातीच्या रेषेवरच फुटली. त्या काळी चालक इंजिनाच्या मागे, पेटीवर पाय टाकून बसत असे. गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. बरा झाल्यावर त्याने इंजिन चालकाच्या पाठीमागे नेले आणि १९७१ साली तशी गाडी जिंकत आणून सगळ्या खेळाची रचना बदलून टाकली. फुटणाऱ्या क्लचभोवती पोलादी कवच आणि फिरत्या दांड्याभोवती कडे बसवण्याचा आग्रह शर्यतीचे नियम धरतात, तो अशाच जखमांतून आलेला आहे.

एका कंपनीच्या गाडीत दुसरीची यंत्रे बसवणे मुंबईला नवे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग फियाट. १९८५ साली तिने ११८ एनई काढली. अंग फियाट १२४ चे, इंजिन आणि गिअरपेटी निस्सानची. फरक एवढाच की कारखान्यात नकाशे होते, मोजमापाची हत्यारे होती, आणि दुखापत झाली तर दाद मागायला संघटना होती. गॅरेजात तेच काम करणाऱ्या मुलाला यातले काय मिळते? उस्तादाने तोंडी सांगितलेले माप आणि जॅकवर तोललेली गाडी. दहा माणसेही नसलेल्या अशा ठिकाणी राज्य विम्याचे कवच सहसा पोचत नाही.

म्हणून हौशी मालकांना माझे सांगणे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल मना करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच बजावले. तेव्हा अशी गाडी धावपट्टीवरच चालवावी, तेथवर वाहनावर चढवून न्यावी. पोलादी कवचाचे पैसे वाचवू नयेत. गाडीखाली माणूस शिरण्याआधी जॅकशिवाय भक्कम घोड्या लावाव्यात. आणि जो फिटर इंचाच्या हजारांश भागाचे माप साधतो त्याला तासाची हमाली देऊ नये, कारागिराचा मोबदला द्यावा. फिटर बांधवांना एवढेच सांगतो, की प्रत्येक माप वहीत लिहून ठेवा. तोंडी विद्या उस्तादाबरोबर जाते. लिहिलेले माप पुढच्या मुलाच्या हाती राहते आणि मजुरीची बोलणी करताना तुमच्या कामाची साक्ष देते.