मानसिक अपंगत्वाविषयीची अवमानकारक भाषा : ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या अध्यापक-कक्षात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटले की त्यांच्याबरोबर काही ठराविक शब्दही बाहेर पडतात. 'अर्धवट', 'मंदबुद्धी', 'मेंटल', 'याला येरवड्याला पाठवा' हे ते शब्द. बोलणाऱ्याचा रोख बहुधा एखाद्या विस्कळीत उत्तरावर असतो. ज्याच्याविषयी बोलले जाते तो विद्यार्थी समोर नसतो आणि त्याला काही मानसिक आजार वा अपंगत्व आहे, अशी माहितीही कोणाजवळ नसते. तरीही अशा शेऱ्याने दोघांचा अवमान होतो. एक तो विद्यार्थी, आणि दुसरा, ज्याच्याशी तुलना करून त्या विद्यार्थ्याला हिणवले जाते तो माणूस. पहिल्याची बाजू क्वचित कोणी घेते. दुसऱ्याची आठवणही कोणाला होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या माणसाचा, आणि असे शब्द कानी पडल्यावर ऐकणाऱ्याने काय करावे याचा, विचार केला आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्यवहारातील 'वेडा' हा शब्द दोन भिन्न अवस्थांना एकत्र बांधतो. बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या वयात दिसून येणारी, आकलन आणि दैनंदिन व्यवहारकौशल्ये यांच्या मर्यादेशी निगडित असलेली अवस्था होय. तेथे मुख्य गरज प्रशिक्षणाची व आधाराची असते. मनोविकार हा आजार आहे. तो कोणत्याही वयात उद्भवू शकतो, तल्लख बुद्धीच्या माणसालाही होतो आणि त्यावर उपचार होतात. 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटातील नंदू आणि 'देवराई' (२००४) मधील स्किझोफ्रेनियाने ग्रस्त असलेला शेष ही दोन पात्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा भेद निराळा समजावून सांगावा लागणार नाही. अवमानकारक भाषेला मात्र तो करण्याची गरजच भासत नाही, कारण तिला दोघांविषयी एकच गोष्ट सांगायची असते : याचे म्हणणे विचारात घेण्याचे कारण नाही.

शब्द बदलण्याचा मार्ग

या प्रश्नावर पहिली सूचना येते ती शब्द बदलण्याची. तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी १९१० मध्ये बौद्धिक वयानुसार वर्गीकरण मांडताना 'इडियट' आणि 'इंबेसाइल' या प्रचलित संज्ञांच्या जोडीला 'मोरॉन' हा शब्द ग्रीक भाषेच्या आधारे नव्याने घडविला. त्या काळी या तिन्ही शास्त्रीय संज्ञा होत्या. आज त्या केवळ शिव्या म्हणून उरल्या आहेत. आपल्याकडेही १९१२ च्या इंडियन ल्युनसी अ‍ॅक्टमध्ये 'ल्युनॅटिक'ची व्याख्या करताना 'इडियट' हा शब्द बिनदिक्कत वापरलेला होता. त्या कायद्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणि त्याची जागा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने घेतली. ब्रिटनमध्ये 'स्पॅस्टिक्स सोसायटी' या संस्थेने १९९४ मध्ये 'स्कोप' हे नाव धारण केले, कारण तोवर जुन्या नावातील शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी शिवी होऊन बसला होता. भाषाभ्यासक स्टीव्हन पिंकर यांनी या प्रकाराला 'युफेमिझम ट्रेडमिल' असे नाव दिले आहे. सौम्य शब्दांची पायचक्की असे त्याला म्हणता येईल : चालणारा थकतो, पण जागेवरून हलत नाही.

मराठीत 'मतिमंद' या शब्दाची गत अशीच झाली. 'खुळा', 'वेडसर' यांच्यापेक्षा सभ्य म्हणून तो विशेष शाळांच्या फलकांवर लिहिला गेला आणि काही वर्षांतच सामान्य शाळांच्या मैदानावर चिडविण्यासाठी ऐकू येऊ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' ही संज्ञा होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात तिच्या जागी बौद्धिक अक्षमता आली. हा बदल योग्यच आहे. शासकीय कागदावर माणसाला कोणत्या नावाने ओळखावे, हा किरकोळ प्रश्न नव्हे. परंतु तेवढ्याने अवमान थांबेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 'दिव्यांग' हा शब्ददेखील उपहासाच्या सुरात उच्चारलेला प्रस्तुत लेखिकेने आवारातच ऐकला आहे.

उलटपक्षी, 'वेड' हा शब्द मराठीतून हद्दपार करावा असेही म्हणता येणार नाही. ध्येयवेडा, नाट्यवेडा हे शब्द आपण गौरवाने वापरतो. तेराव्या शतकातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांना लोक वेडे, पिसे म्हणत आणि त्यांनाच मायबापही मानत, असे म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रावरून दिसते. तेथे वेडेपणा सांगितला जातो. पण त्यामुळे त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जाणे लोक थांबवीत नाहीत. तेव्हा कसोटी शब्दाची नसून त्याने काय साधले जाते याची आहे. ज्या उच्चाराने एखाद्याचे बोलणे ऐकण्याच्या लायकीचे राहत नाही, तो अवमान होय, मग तो शब्द कितीही शास्त्रीय असो.

कायद्याची पोहोच

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, मानखंडना करण्याच्या उद्देशाने हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवरील निकालात चित्रपटांतील दिव्यांगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली, आणि दिव्यांगत्वाची समज वाढविणारा विनोद व दिव्यांगांना हीन लेखणारा विनोद यांत फरक केला. हा फरक अध्यापक-कक्षालाही लागू करून पाहण्यासारखा आहे.

मात्र कायद्याला प्रत्यक्ष अपमानित झालेली दिव्यांग व्यक्ती लागते आणि अपमान करणाऱ्याचा हेतू लागतो. आरंभी उल्लेखिलेल्या शेऱ्यांत दोन्ही नसतात. या संदर्भात एक अनुभव नोंदवितो, तो स्वतःला दोष देण्यासाठीच. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात मूल्यमापनाच्या कामात असताना एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एक उत्तरपत्रिका वर धरून, "हा येरवड्याचा पाहुणा दिसतो," असे म्हटले. सर्वजण हसले, प्रस्तुत लेखिकाही हसली. त्याच वेळी शिपाई काका चहाचे कप मांडीत होते. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात ते म्हणाले, "मॅडम, माझा धाकटा भाऊ दोन वर्षं येरवड्याला होता. तिथं पाहुणे नसतात, पेशंट असतात." आवाजात राग नव्हता. माहितीतील चूक दुरुस्त करावी तसे ते बोलले.

दोन दिवसांनी हे त्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या कानावर घातले. ते प्रामाणिकपणे चकित झाले. "मी काय त्याच्या भावाला बोललो का?" असे त्यांनी विचारले. कायद्याच्या भाषेत त्यांचा बचाव बिनतोड होता.

प्रतिसाद कसा असावा

अवमानाची ही मोठी बाजू कायद्याच्या बाहेर राहते, आणि म्हणून ती ऐकणाऱ्यांच्या हाती येते. ऐकणारा हसला नाही, तर शेरा अर्धा लंगडा पडतो. (हे वाक्य लिहून झाल्यावर त्यातील 'लंगडा' लक्षात आला, तो मुद्दाम तसाच ठेवला आहे. सवय किती खोलवर असते ते त्यावरून कळेल.) परंतु न हसणे पुरेसे नाही, कारण मौनाचा अर्थ संमती असाही घेतला जातो.

सहकाऱ्याच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त ठरतो तो साधा प्रश्न : "सर, उत्तरात नेमकं काय चुकलं आहे?" शिवी ही बहुधा आळशी मूल्यमापन असते. प्रश्न विचारला की तिच्यामागची खरी तक्रार बाहेर येते. मुद्दे क्रमाने नाहीत, प्रश्न समजलेला नाही, अक्षर लागत नाही, अशा त्या तक्रारी असतात आणि त्यांवर बोलता येते. क्वचित त्यातूनच लक्षात येते की विद्यार्थ्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता असावी आणि परीक्षेतील सवलतींची माहिती त्याला कोणी दिलेलीच नाही. ज्येष्ठांना चारचौघांत थेट टोकणे आपल्या संस्थात्मक शिष्टाचारात अवघड असते, हे मान्य करावयास हवे. अशा वेळी नंतर एकांतात बोलणे हा पळपुटेपणा नव्हे; न बोलणे हा आहे.

वर्गातील प्रसंग निराळा असतो. एखादी विद्यार्थिनी अडखळत उत्तर देत असता मागून "मेंटल" असा शब्द आला, तर अध्यापकाचा पहिला आवेग दटावण्याचा असतो. दटावल्याने वर्गाच्या लक्षात राहतो तो शब्द आणि तिचा खाली गेलेला चेहरा. "कोणाच्या घरी असा आजार असू शकतो" असे सांगावे, तर चार माना कोणाकडे तरी वळतात, आणि ज्याने ही गोष्ट वर्षभर लपविली तो उघडा पडतो. अशा वेळी, "तिचं वाक्य पूर्ण होऊ दे," एवढे म्हणून तिच्याकडे वळावे आणि ते वाक्य खरोखर पूर्ण होईपर्यंत थांबावे. शेऱ्याने जे हिरावले होते, म्हणजे बोलण्याचा हक्क, तेच नेमके परत दिले जाते. शेरा मारणाऱ्याशी तास संपल्यावर बोलता येते.

दयेचा सूरही टाळावा. 'बिचारा' हा शब्द शिवी नाही. पण त्यानेही माणसाचे म्हणणे बाजूला पडते. याउलट, स्वतः उपचार घेणारा विद्यार्थी स्वतःविषयी हसत "मी येडा आहे" असे म्हणत असेल, तर त्याला योग्य शब्द शिकविण्याच्या भानगडीत अध्यापकाने पडू नये. तो शब्द कसा वापरावा हे त्याने ठरवावयाचे आहे.

या भाषेचा परिणाम कोठे दिसतो, तर रजेच्या अर्जांत. नैराश्यावर उपचार घेणारी मुले अर्जावर कावीळ लिहितात, ताप लिहितात. २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, त्यामुळे खरे कारण लिहिण्याची सक्ती कोणी करू नये हे उघडच आहे. परंतु हक्क म्हणून न सांगणे आणि भीतीने खोटे सांगणे यांत अंतर आहे. परीक्षेच्या वेळी मदत मागायची वेळ येते तेव्हा ही खोटी कारणे मुलांच्याच आड येतात.

ते ज्येष्ठ प्राध्यापक पुढे प्रस्तुत लेखिकेसमोर तसे काही बोलले नाहीत. शिपाई काका मात्र कप टेबलावर ठेवले की कोणी काही म्हणण्याआधीच खोलीबाहेर पडत, आणि रिकामे कप नेण्यासाठी कक्षात कोणी नसताना येत.