छर्रे की गोळी?

ठासणीची बंदूक म्हटलं की आपल्या मुंबईकरांना ऐतिहासिक सिनेमेच आठवतात. पण कुडाळजवळ माझ्या मामाच्या माजघरात ती आजही खुंटीला टांगलेली आहे, आणि तीसुद्धा रीतसर परवान्याची! 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या संरक्षणासाठी अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. भात पिकलं की रात्री रानडुकरं उतरतात. बहुतेक वेळा मामा नुसती दारू ठासून बार काढतो. आवाजानेच कळप पळतो. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली की खरा प्रश्न उभा राहतो. नळीत घालायचं काय?

तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीत एकाने छर्रे घातले. ते लागलेही, पण डुक्कर पडलं नाही, करवंदीच्या जाळीत घुसलं. सकाळी गवत कापायला गेलेल्या एका काकूंच्या मांडीत त्याने सुळा घातला. चौदा टाके पडले.

मेकॅनिक्समध्ये केटी लागलेला मी, पण हे गणित मात्र सोडवावंसं वाटलं. समजा छर्रा 3 मिमीचा आणि शिशाची गोळी 15 मिमीची. व्यास पाचपट, म्हणून पुढचं क्षेत्रफळ 25 पट, पण वजन 125 पट! हवा आणि मांस दोन्ही अडवतात ते क्षेत्रफळाच्या हिशोबाने, आणि पुढे रेटतं ते वजन. म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे गोळीकडे पाचपट वजन. छर्रा लवकर मंदावतो. त्यात थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थर असतो, अगदी चिलखतासारखा. छर्रे तिथेच अडकतात. जनावर मरत नाही, फक्त पिसाळतं.

मग मला वाटलं, गोल कशाला, लांबट टोकदार गोळी का नको? अमेरिकेत एल्क नावाचं थोरलं हरीण आहे. नर सहज 300 किलोंचा. कोलोरॅडोत त्याच्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो आणि नळी निदान अर्ध्या इंचाची लागते. त्या नळीत बसणारी गोल गोळी साधारण 11.5 ग्रॅमची. व्यास ठरला की गोल गोळीचं वजन ठरलंच, वाढवता येत नाही. लांबट गोळी मात्र त्याच नळीत दुपटीहून जड करता येते. मी खूष! वर्कशॉपमध्ये लेथवर साचा करून देतो म्हटलं.

मामा हसला. "झिला, ती वाऱ्यार कोलांटी मारतली!"

त्याचं बरोबर होतं. लांबट गोळीला भोवऱ्यासारखी फिरकी लागते, आणि फिरकी द्यायला नळीच्या आत पिळाच्या खाचा. मामाची नळी आतून गुळगुळीत. तिच्यातून निघालेली लांबट गोळी आडवी-तिडवी फिरते. गोल गोळी कशीही फिरली तरी गोलच!

1857 च्या एन्फिल्ड रायफलीला त्या खाचा होत्या. गोळी आणि तिच्याभोवतीचा कागद नळीत सहज सरकावा म्हणून कागदाला वंगण लावत. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गाय-डुकराच्या चरबीबद्दल तीन मार्कांचं उत्तर पाठ करून घेतलं, पण मुळात चरबी लागतेच कशाला, हे टीचरनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तर मामाचं उत्तर ठरलेलं आहे. मऊ शिशाची एकच गोल गोळी, नळीत सैल राहू नये म्हणून भोवती चिंधी. आणि अंतर तीस पावलांच्या आत. कारण गुळगुळीत नळीतून गोळी सरळ जाईल याचा त्यापुढे त्याला भरवसा नाही, आणि नेम चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत जनावर थांबत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी त्याच्याबरोबर माळ्यावर बसलो होतो. परवानगी होती, गोळी भरलेली होती. एक मोठा नर आला, पण बांधाच्या पलीकडे, साठेक पावलांवर. मी मामाला कोपराने ढोसत होतो. त्याने घोडा ओढलाच नाही. मग आम्ही पत्र्याचा डबा बडवला, पण तो निवांत खात राहिला. सकाळी उतरून बघितलं तर दोन कुणगे आडवे झाले होते.